पूर ओसरल्यानंतर आलेला ताप अंगावर काढू नका

जुलै २०२४ मध्ये मुळा आणि पवना नद्यांना पूर आला, तेव्हा पिंपरी-चिंचवडच्या नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. वाकडही मुळेच्या काठावरच आहे. पाणी ओसरले की आपण लगेच घरातला चिखल उपसायला लागतो. लेप्टोस्पायरोसिसचा धोका याच कामात असतो.

हा आजार कसा होतो?
उंदीर, कुत्री, गुरे यांच्या लघवीतले जंतू पुराच्या पाण्यात मिसळतात. जखमेतून, भेगाळलेल्या टाचांतून किंवा डोळ्यांतून ते शरीरात शिरतात. ताप साधारण ५ ते १४ दिवसांनी येतो, त्यामुळे पुराशी त्याचा संबंध चटकन लक्षात येत नाही.

काय काळजी घ्याल?
• सफाईआधी नुकसानीचे फोटो काढा; पंचनाम्याच्या वेळी उपयोगी पडतात.
• गमबूट आणि रबरी हातमोजे घाला, जखमा झाकून ठेवा.
• सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत पुराचे पाणी गेले असेल, तर ती उपसून, धुऊन, क्लोरिनने निर्जंतुक केल्यावरच वापरा. तोवर पिण्यासाठी टँकरचे पाणीही उकळूनच घ्या.
• चिखलपाण्यात काम केले असल्यास प्रतिबंधक डॉक्सिसायक्लिनबद्दल डॉक्टरांना विचारा. गर्भवतींनी ते स्वतःहून मुळीच घेऊ नये, लहान मुलांनाही देऊ नये.

डॉक्टरांकडे कधी जावे?
तापासोबत डोकेदुखी, पोटऱ्या दुखणे किंवा डोळे लाल होणे असेल, तर त्याच दिवशी जा आणि ‘पुराच्या पाण्यात उतरलो होतो’ हे आवर्जून सांगा. डोळे पिवळे दिसणे, लघवी कमी होणे किंवा धाप लागणे ही धोक्याची चिन्हे आहेत. लगेच १०८ ला फोन करा. वेळेत उपचार मिळाले तर बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात.