दाखवलेला खेळ आणि हातातला खेळ

२ एप्रिल २०२५ रोजी जपानमधील क्योटो शहरच्या निन्टेन्डो कंपनीने सुमारे तासाभराची एक चित्रफीत जगभर दाखवली. 'स्विच २' हे तिचे नवे खेळयंत्र ५ जूनला बाजारात येणार होते. त्याची आणि त्यावरील खेळांची ही जाहिरातच म्हणा ना! (ही कंपनी मूळची १८८९ सालची, फुलांची चित्रे असलेले जपानी पत्ते तयार करणारी.) चित्रफीत पाहून कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी नाके मुरडली. आपण मात्र विज्ञानाच्या विद्यार्थ्याप्रमाणे विचारू या : काय दाखवले, ते कसे घडते, आणि काय दाखवायचे राहून गेले?

प्रथम पडदा पाहू. २०१७ साली आलेल्या पहिल्या स्विचच्या पडद्यावर आडवे १,२८० आणि उभे ७२० चित्रबिंदू होते. गुणाकार करा : ९,२१,६००. नव्या पडद्यावर १,९२० गुणिले १,०८०, म्हणजे २०,७३,६००. बरोबर सव्वादोन पट. शिवाय हा पडदा सेकंदाला १२० वेळा चित्र बदलू शकतो. तेवढ्या वेगाने चित्रे पुरवायची, तर एका चित्रासाठी यंत्राला जेमतेम ८.३ मिलिसेकंद मिळतात आणि सेकंदाला जवळजवळ २५ कोटी बिंदूंचे रंग ठरवावे लागतात!

एवढे काम हातात मावणाऱ्या यंत्राला झेपावे कसे? यासाठी एक युक्ती आहे. यंत्राला चित्र कमी बिंदूंचेच काढू द्यायचे आणि बाकीचे बिंदू अंदाजाने भरायचे. असंख्य चित्रांवर 'शिकवून तयार केलेली' गणिती पद्धत आधीच्या चित्रांचा आधार घेऊन हे काम करते. रांगोळीचे थोडे ठिपके दिसले, तरी सरावाच्या हाताला पुढची नक्षी कळते, तसेच हे. एनव्हिडिया कंपनीच्या या पद्धतीला 'डीएलएसएस' म्हणतात. अंदाज कधी चुकतोही. बारीक तारा किंवा जाळी वेगाने हलू लागली की त्यांच्या कडा थरथरताना दिसतात.

या ८.३ मिलिसेकंदांचे महत्त्व ध्यानात आले, की जाहिरातीकडे पाहण्याची नजर बदलते. चित्रपटासाठी संगणकाने एकेक चित्र काढायला तासन् तास घेतले तरी चालते. खेळात मात्र तुम्ही कळ दाबली की पुढचे चित्र लगेच हवे. २००५ साली लॉस एंजेलिसच्या ई-थ्री प्रदर्शनात सोनी कंपनीने 'किलझोन' या खेळाची झलक दाखवली. ती इतकी देखणी होती की पुष्कळांना ती नव्या यंत्रावर प्रत्यक्ष चाललेल्या खेळाची वाटली. पुढे उघड झाले, की ती आधीच तयार करून ठेवलेली चित्रे होती! खरा खेळ बाजारात आला २००९ मध्ये. तेव्हा कोणतीही झलक पाहताना, हे खेळणाऱ्याच्या बोटांबरोबर हलते आहे की नुसते दाखवले जात आहे, हे आधी शोधावे.

निन्टेन्डोच्या चित्रफितीत आम्हांला सर्वांत आवडली ती वेगळीच गोष्ट. स्विच २ च्या दोन्ही बाजूंना चुंबकाने चिकटणारे 'जॉय-कॉन' असतात. ते सुटे करून कडेवर आडवे ठेवले, की संगणकाच्या माऊससारखे चालतात. त्यांच्या कडेला प्रकाश ओळखणारा संवेदक आहे. तो खालच्या पृष्ठभागाची चिमुकली चित्रे भराभर घेतो, आणि मागच्या व पुढच्या चित्रांतील फरकावरून हात किती व कोणीकडे सरकला हे ठरते. 'ड्रॅग ॲन्ड ड्राइव्ह' या खेळात चाकाच्या खुर्चीवरून बास्केटबॉल खेळायचा असतो. दोन हातांत दोन जॉय-कॉन म्हणजे खुर्चीची दोन चाके! दोन्ही पुढे ढकला, खुर्ची सरळ जाते. एकच ढकला, ती वळते. घरी साधा प्रकाशाचा माऊस असेल, तर तो आधी वर्तमानपत्रावर आणि मग आरशावर सरकवून पाहा. आरशावर तो का गोंधळतो, हे आता तुम्हांला सांगता येईल.

आता न सांगितलेल्या गोष्टी. जुन्या यंत्राची बॅटरी ४,३१० मिलिॲम्पियर-तासांची होती, नव्याची ५,२२० ची, म्हणजे सुमारे २१ टक्के मोठी. मग नवे यंत्र जास्त वेळ चालत असेल? कंपनीचेच आकडे पाहा : २०१७ च्या यंत्रासाठी अडीच ते साडेसहा तास, नव्यासाठी दोन ते साडेसहा. वाढलेले बिंदू आणि वाढलेला वेग यांची भूक बॅटरीने भागवली, खेळणाऱ्याच्या पदरात जादा वेळ पडला नाही.

किंमतही चित्रफितीत नव्हती. ती वेगळी जाहीर झाली : अमेरिकेत ४४९.९९ डॉलर, आणि 'मारिओ कार्ट वर्ल्ड' हा एकच खेळ सुटा घेतला तर ७९.९९ डॉलर. पुढच्या प्रक्षेपणांच्या वेळी प्रेक्षकांनी 'किंमत कमी करा' असा लेखी धोशा लावला. कंपनीने ती कमी केली नाही, आणि विक्री सुरू झाल्यावर पहिल्या चार दिवसांत ३५ लाखांहून अधिक यंत्रे खपली.