बुलडोझरने पुसलेल्या वस्तीचे संग्रहालय

राजेरजवाड्यांच्या तलवारी, गव्हर्नरांच्या तसबिरी आणि सेनापतींची पदके जपण्यासाठी जगात मोठमोठी संग्रहालये उभी आहेत. पण गोदीत राबणाऱ्या मजुराचा, कपडे शिवून घर चालवणाऱ्या बाईचा, कोपऱ्यावरच्या न्हाव्याचा इतिहास कोणी सांभाळायचा? दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन शहराच्या एका उद्ध्वस्त वस्तीने या प्रश्नाचे उत्तर स्वतःच दिले. वस्तीचे नाव डिस्ट्रिक्ट सिक्स. एका जुन्या चर्चच्या इमारतीत या वस्तीच्या माणसांनी आपले लहानसे संग्रहालय थाटले आहे. तेथे बारा महिने कोणते काम चालते, हे आमच्या वाचकांना कळावे म्हणून हा लेख.

वस्ती कशी होती, कशी गेली

१८६७ साली केपटाऊन नगरपालिकेचा सहावा विभाग म्हणून या वस्तीला हे नाव मिळाले. एका बाजूला टेबल माउंटन डोंगराचा पायथा, दुसऱ्या बाजूला बंदर. गुलामगिरीतून मुक्त झालेली कुटुंबे, कारागीर, मजूर, छोटे व्यापारी आणि परदेशातून पोटासाठी आलेली माणसे येथे दाटीवाटीने राहत. डच ईस्ट इंडिया कंपनीने केपमध्ये जे गुलाम आणले, त्यांत मादागास्कर, मोझांबिक आणि इंडोनेशियाच्या माणसांबरोबर बंगाल, मलबार व कोरोमंडल किनाऱ्यावरची माणसेही होती. म्हणजे या कहाणीत आपल्या देशाच्या लेकरांचाही वाटा आहे.

वस्ती गरीब होती. घरे जुनी, मालक दुरुस्ती करीत नसत. पण मशीद, चर्च आणि ज्यूंचे प्रार्थनास्थळ एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर होते आणि शेजार पक्का होता. वर्णद्वेषी राजवटीला हेच खुपत होते. १९५० साली तिने प्रत्येक वर्णाने कोठे राहायचे हे ठरवणारा कायदा केला. ११ फेब्रुवारी १९६६ रोजी डिस्ट्रिक्ट सिक्स हा केवळ गोऱ्यांचा भाग म्हणून जाहीर झाला. पुढे १९८२ पर्यंत ६० हजारांहून अधिक माणसांना उठवून केप फ्लॅट्स नावाच्या वाळवंटी, वाऱ्याच्या माळावर नेऊन टाकण्यात आले. सरकारने ठरवलेल्या वर्णाप्रमाणे ज्याची त्याची वेगळी वसाहत. जन्मभराचे शेजारी एकमेकांपासून तुटले. मागे बुलडोझर फिरला. देवळे-मशिदी तेवढ्या राहिल्या, घरे गेली. काही भागावर तंत्रशिक्षणाची संस्था उभी राहिली, पण बरीच जमीन वर्षानुवर्षे ओसाड पडून होती.

दोन-चार आठवड्यांचे प्रदर्शन

या ओसाड जमिनीवर परस्पर इमारती उठू नयेत म्हणून १९८०च्या दशकाच्या अखेरीस रहिवाशांनी चळवळ केली. १९८८ च्या परिषदेत संग्रहालय उभारण्याचे ठरले, १९८९ साली त्यासाठी संस्था स्थापन झाली. १९९४ च्या मे महिन्यात नेल्सन मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्याच वर्षी १० डिसेंबर रोजी बॉइटनकांट रस्त्यावरील चर्चमध्ये वस्तीच्या रस्त्यांवर एक प्रदर्शन उघडले. ते थोडेच आठवडे चालायचे होते. पण माणसांची रीघ लागली. प्रदर्शन बंद झालेच नाही, त्याचेच संग्रहालय झाले.

तेथे मांडले काय होते? जमिनीवर वस्तीचा एक भलामोठा नकाशा अंथरला होता. आलेल्या माणसाने त्यावर आपली गल्ली शोधायची आणि आपल्या हाताने नाव लिहायचे. कोणाचे घर, कोणाचे दुकान, कोठे खेळलो, कोठे लग्न झाले. वर टांगल्या होत्या रस्त्यांच्या खऱ्या पाट्या. वस्ती पाडण्याच्या कामावर असलेल्या एका माणसाने त्या फेकून न देता आपल्या घरी लपवून ठेवल्या होत्या. ७५ पाट्या त्याने संग्रहालयाच्या हवाली केल्या. शेजारी एक लांबलचक कापड होते. त्यावर लोक मनातले लिहीत आणि नंतर ती अक्षरे सुई-दोऱ्याने भरून पक्की केली जात. सोने नाही, हिरे नाहीत. नकाशा, पाट्या आणि कापड!

वर्षाचे बारा महिने

संग्रहालयाचे वर्ष वस्तीच्या आठवणींप्रमाणे चालते. फेब्रुवारीच्या ११ तारखेला जुने रहिवासी संग्रहालयापासून वस्तीच्या जागेपर्यंत चालत जातात. प्रत्येकाच्या हातात एक दगड. हॅनोव्हर स्ट्रीट ही वस्तीची मुख्य बाजारपेठ होती, तेथे ते दगड रचतात. वर्षागणिक रास वाढत जाते. २४ सप्टेंबरला देशभर वारसा दिनाची सुट्टी असते. ३० नोव्हेंबरच्या रात्री शहरातून पायी फेरी निघते, कारण १ डिसेंबर १८३४ रोजी केपमधील गुलामगिरी कायद्याने संपली. संपली तरी आणखी चार वर्षे 'उमेदवारी'च्या नावाखाली त्याच मालकांकडे राबावे लागले, हेही तेथे मुलांना सांगितले जाते.

एरवीच्या दिवसांत शाळांच्या सहली येतात. त्यांना माहिती सांगतात ती वस्तीत वाढलेली माणसे. त्यांच्यापैकी नूर इब्राहिम यांची गोष्ट जगभर गेली आहे. घर सोडताना त्यांनी आपली कबुतरेही नव्या ठिकाणी नेली. काही महिने पिंजऱ्यात ठेवून मग सोडली. संध्याकाळी एकही परतले नाही. दुसऱ्या दिवशी ते जुन्या वस्तीवरून जात असता त्यांना कबुतरे दिसली. पाडलेल्या घराच्या मोकळ्या जागेवर ती सगळी येऊन बसली होती. ही गोष्ट ऐकून शाळेच्या मुलाला वर्णद्वेषाचा कायदा वेगळा शिकवावा लागत नाही.

आमच्या भगिनींना आवडेल असा आणखी एक उपक्रम आहे. वस्तीतल्या आया-आज्यांना एकत्र बसवून त्यांच्या स्वयंपाकाच्या आठवणी काढल्या गेल्या. ईस्टरचे मसाल्याच्या आंबटगोड रसात मुरवलेले मासे, रविवारी सकाळचे पाकात बुडवलेले कोइसिस्टर, सणासुदीची बिर्याणी. पदार्थांच्या कृती कापडावर भरतकामाने उतरल्या आणि २०१६ साली त्यांचे पुस्तक निघाले. चुलीपुढचे ज्ञान हाही इतिहासच, हे या बायांनी दाखवून दिले.

आठवणीचा सातबारा

कोणी म्हणेल, एवढ्या आठवणी काढून उपयोग काय? उपयोग झाला. १९९४ च्या कायद्याने वर्णभेदामुळे हिरावलेल्या जमिनीवर दावा सांगण्याचा हक्क दिला. ३१ डिसेंबर १९९८ ही मुदत होती. डिस्ट्रिक्ट सिक्सचे बहुतेक लोक भाडेकरू. मालकीचा कागद कोठून आणणार? पण या कायद्याने भाडेकरूचा हक्कही मानला. मग कोण कोठे राहत होते, शेजारी कोण, हे सांगणारी प्रत्येक आठवण मोलाची ठरली. १९९७ साली जमीन न्यायालयाची बैठक याच संग्रहालयात भरली, जुन्या पाट्यांच्या साक्षीने. ११ फेब्रुवारी २००४ रोजी परतणाऱ्या पहिल्या दोन वृद्धांच्या हाती मंडेलांनी घराच्या किल्ल्या दिल्या. एकाचे वय ८७, दुसऱ्याचे ८२.

लढा मात्र तेथे संपला नाही. घरे फार सावकाश उठली. वाट पाहता पाहता कित्येक म्हातारी माणसे गेली. २०१९ साली न्यायालयाला सरकारकडून पुनर्वसनाचा आराखडा मागावा लागला. त्याच वर्षी, राजवटीने बदललेले वस्तीचे नाव पुन्हा डिस्ट्रिक्ट सिक्स झाले. २०२० च्या टाळेबंदीत संग्रहालयाचे दार बंद झाले, तिकिटाचे उत्पन्न थांबले आणि लोकांपुढे मदतीसाठी हात पसरावे लागले. आणखी एक दुखणे आहे. प्लेगचे निमित्त करून १९०१ सालीच येथून आफ्रिकन कुटुंबांना हाकलले होते. कायदा १९१३ नंतरच्याच दाव्यांना मानतो. त्यामुळे सर्वांत आधी उठवलेल्यांना कायद्यात जागा नाही. त्यांना जागा आहे ती फक्त संग्रहालयात.

आमच्या मते या लहान संग्रहालयाची थोरवी येथेच आहे. त्याने कोणा मोठ्या देणगीदाराची वाट पाहिली नाही. ज्याच्याकडे पाटी होती त्याने पाटी दिली, ज्याच्याकडे फोटो होता त्याने फोटो, आणि ज्याच्याकडे काहीच नव्हते त्याने नकाशावर आपले नाव लिहिले. वाचकहो, आपल्या घरात एखादी आजी असेल, तर ती कोणत्या गल्लीत राहिली, तिचे शेजारी कोण होते, हे आज रात्री जेवणानंतर तिला विचारा आणि वहीत लिहून ठेवा. फोटोच्या मागे नावे आणि साल घाला. सांगणारी माणसे आहेत तोवरच हे काम होते.