कांद्याच्या खळ्यात कोणता कॅमेरा चालेल?

लासलगावच्या बाजार समितीत लिलाव आटोपला की ट्रॅक्टर खळ्यांकडे वळतात. व्यापाऱ्याच्या शेडमध्ये ट्रॉलीची मागची फळी निघते, हायड्रॉलिक जॅक ट्रॉली उचलतो आणि लाल कांद्याचा लोंढा जमिनीकडे सुटतो. तो क्षण टिपायचा मोह मोबाईल हातात असलेल्या कोणालाही होतो. बहुतेकांच्या फोटोत मात्र कांद्यांऐवजी लालसर पट्टे उमटतात. त्याचं कारण शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकातच आहे. मीटरभर उंचीवरून पडलेला कांदा जमिनीला टेकतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला साधारण ४.४ मीटर असतो. शटर १/६० सेकंद उघडं राहिलं तर तेवढ्यात कांदा सात सेंटीमीटर खाली जातो, म्हणजे मध्यम कांद्याच्या स्वतःच्या जाडीपेक्षाही जास्त. शटर १/१००० सेकंदावर नेलं की हे सरकणं साडेचार मिलिमीटरांवर येतं. मग कांदा कांद्यासारखा दिसतो, हवेत सुटा झालेला पापुद्राही ओळखू येतो.

अडचण एवढीच की खळ्यात १/१००० सेकंदाला पुरेल इतका प्रकाश नसतो. भर दुपारच्या उन्हात जमिनीवर सुमारे १ लाख लक्स प्रकाश पडतो. पत्र्याच्या शेडमध्ये चार पावलं आत गेलं की तो काही शे लक्सवर येतो. आपले डोळे हा फरक इतक्या सहज सांभाळून घेतात की आपल्याला तो जाणवतही नाही. कॅमेऱ्याला मात्र त्याचा पुरेपूर हिशेब द्यावा लागतो.

पहिला छोटा कॅमेरा घ्यायला निघालेला मुलगा किंवा मुलगी दुकानात गेली की दोनच प्रश्न विचारते : मेगापिक्सेल किती आणि झूम किती? माझं आग्रहाचं सांगणं आहे की हे दोन्ही प्रश्न नंतरचे. आधी विचारायचं ते सेन्सर केवढा आणि भिंगाचं तोंड किती मोठं उघडतं. कॅमेऱ्यात किती प्रकाश शिरणार हे याच दोन गोष्टी ठरवतात. बाकी सगळं त्यानंतर.

खिशात मावणाऱ्या बहुतेक स्वस्त, लांब झूमच्या कॅमेऱ्यांतला सेन्सर ६.२ बाय ४.६ मिलिमीटर एवढा असतो, म्हणजे करंगळीच्या नखापेक्षाही लहान. त्याच्या वरच्या वर्गातल्या सेन्सरला बाजारात ‘१ इंची’ म्हणतात. त्याची कुठलीच बाजू इंचभर नसते, तो १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा असतो. तरीही त्याचं क्षेत्रफळ पहिल्याच्या चौपट भरतं. त्याहून मोठा एपीएस-सी सेन्सर २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा, म्हणजे पहिल्याच्या तेरापट.

आता खळ्यातलं गणित मांडू. आत ४०० लक्स प्रकाश आहे आणि शटर १/१००० सेकंद ठेवायचं आहे असं धरू. एफ/१.८ इतकं उघडणारं भिंग असेल (एफपुढचा आकडा जितका लहान तितकं तोंड मोठं) तर आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, ३२०० च्या आसपास ठेवून काम भागतं. भिंग एफ/३.३ पर्यंतच उघडत असेल तर तोच फोटो मिळवायला आयएसओ १० हजारांच्या वर न्यावा लागतो. त्यात सेन्सरही चौथाई. दोन्ही मिळून एफ/१.८ चा १ इंची कॅमेरा त्या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यापेक्षा जवळजवळ १४ पट प्रकाश गोळा करतो. हा फरक कोणत्याही सॉफ्टवेअरने पूर्ण भरून निघत नाही, कारण प्रकाश फोटॉनच्या रूपात सुटा-सुटा येतो आणि प्रत्येक पिक्सेलवर पडणाऱ्या फोटॉनची संख्या कमीजास्त होत राहते. सरासरी १०० फोटॉन पडणार असतील तर त्यात दहाएकांची चढउतार असते, म्हणजे १० टक्के. सरासरी १० हजार पडले तर चढउतार शंभरेकांची, म्हणजे एकच टक्का. अंधाऱ्या फोटोतली ती रवाळ रंगीत खरखर बरीचशी यातूनच येते. कॅमेरा बिघडलेला नसतो. त्याच्या वाट्याला प्रकाशच कमी आलेला असतो.

मोबाईलचा सेन्सरही लहानच, मग त्याचे रात्रीचे फोटो इतके स्वच्छ कसे येतात? मोबाईल एका फोटोसाठी पाठोपाठ अनेक चौकटी टिपतो आणि त्या एकमेकींवर बसवून सरासरी काढतो. नऊ चौकटी मिळाल्या तर खरखर तिसऱ्या हिश्श्यावर येते. बाजारात शांत उभ्या असलेल्या आजोबांचा चेहरा, भुईकाटा, भरून ठेवलेल्या गोण्या यांच्यासाठी ही युक्ती उत्तम आहे, आणि ज्याला तेवढंच टिपायचं आहे त्याने वेगळा कॅमेरा घेऊच नये, असं मी स्पष्ट सांगेन. पण पडत्या कांद्याच्या नऊ चौकटी एकमेकींवर बसत नाहीत, कारण प्रत्येक चौकटीत कांदा वेगळ्या जागी असतो. तिथे एकाच चौकटीत भरपूर प्रकाश घेणारं भिंग आणि मोठा सेन्सर लागतो.

मोबाईल की वेगळा कॅमेरा, याचं उत्तर जगभरात बहुसंख्य लोकांनी देऊन टाकलं आहे. २०१० साली जपानी कंपन्यांनी १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे बाजारात पाठवले होते; २०२० साली हा आकडा ९० लाखांच्याही खाली गेला. जे गेले ते मुख्यतः लहान सेन्सरचे स्वस्त छोटे कॅमेरे. मोबाईलला जमत नाही असं काही करणारेच त्यातून टिकले : एकतर मोठ्या सेन्सरचे, नाहीतर लांब झूमचे.

आणि इथेच लासलगावच्या निफाड तालुक्यातल्या हौशी छायाचित्रकारापुढे खरा पेच उभा राहतो. याच तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर नांदूर मध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य आहे. जानेवारी २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलं. हिवाळ्यात चापडगावच्या बाजूने बंधाऱ्याच्या पाण्याकडे पाहिलं की बदकांचे थवे, चित्रबलाक, चमचे, जांभळ्या पाणकोंबड्या असा सगळा गोतावळा दिसतो. लासलगावचा मुलगा सकाळी नांदूरला आणि दुपारी मार्केटला, असा एकाच दिवसात दोन्हीकडे जाऊ शकतो. त्याला एकच कॅमेरा दोन्हीकडे चालायला हवा असतो. भौतिकशास्त्र ते होऊ देत नाही.

चित्रबलाक उभा राहिला की साधारण मीटरभर उंच असतो. तो शंभर मीटरवर उभा आहे असं धरू. मोबाईलच्या मुख्य भिंगाची खरी नाभीय लांबी सुमारे ७ मिलिमीटर. सेन्सरवर पक्ष्याची प्रतिमा पडते ०.०७ मिलिमीटरची, चौकटीच्या उंचीच्या जेमतेम शंभराव्या हिश्श्याएवढी. तिथे बोटांनी चिमटा उलगडून मोठं केलं तरी नवा तपशील येत नाही, असलेलेच ठिपके फुगतात. तीस पट झूमच्या छोट्या कॅमेऱ्याची खरी नाभीय लांबी १२९ मिलिमीटरांपर्यंत जाते. त्यात तोच पक्षी १.३ मिलिमीटरांचा होतो आणि सेन्सर जेमतेम ४.६ मिलिमीटर उंच असल्यामुळे चौकटीचा पाव भाग व्यापतो. पिसांवरची गुलाबी झाक दिसू लागते. हीच चौकट एपीएस-सी सेन्सरवर मिळवायची तर ४८० मिलिमीटरचं भिंग लागेल. असं भिंग खिशात बसत नाही, खांद्यालाही जड होतं.

म्हणजे जो लहान सेन्सर खळ्यात दगा देतो, तोच नांदूरला कामाला येतो. लांब झूम खिशात मावतो तो सेन्सर लहान आहे म्हणूनच. मोठा सेन्सर, मोठ्या तोंडाचं भिंग आणि लांब झूम या तिन्ही गोष्टी एका छोट्या डबीत देणारा कॅमेरा कोणीच बनवू शकलेलं नाही, आणि तसा कोणी विकत असेल तर तिन्हीपैकी एकीचा आकडा नीट तपासावा. मला विचाराल तर पहिल्या कॅमेऱ्यासाठी मी खळं निवडेन. पक्षी वर्षातले चार महिने असतात. बाजार, घर, शाळा, शिमगा, लग्नाचा मांडव हे सगळं बाराही महिने असतं आणि त्यातलं बरंचसं सावलीत किंवा संध्याकाळी घडतं. शिवाय फेब्रुवारी-मार्चमध्ये दहा वाजले की नांदूरच्या पाण्यावरची आणि भोवतालच्या शेतांवरची तापलेली हवा थरथरू लागते. त्या थरथरीतून आलेला प्रकाश वाकडातिकडा होऊन पोहोचतो. तिथे कितीही मोठा झूम लावला तरी पक्ष्याची कड लोण्यासारखी मऊ येते. ज्याला केवळ पक्षीच टिपायचे आहेत त्याने मात्र बिनदिक्कत लांब झूमचा लहान कॅमेरा घ्यावा आणि सकाळी लवकर निघावं.

मेगापिक्सेलचा प्रश्न लवकर सुटतो. २० मेगापिक्सेलच्या फोटोत ५४७२ बाय ३६४८ ठिपके असतात. इंचाला ३०० ठिपके या उत्तम छपाईच्या दर्जाने त्यातून १८ बाय १२ इंचांची प्रत निघते. घरातल्या भिंतीला याहून मोठी क्वचितच लागते. त्यापुढच्या आकड्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नये.

लासलगावात दुकानदार सांगणार नाहीत अशी आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे धूळ. मार्केटच्या आवारात वाळलेल्या पापुद्र्यांचा चुरा आणि माती दिवसभर हवेत असते. छोट्या कॅमेऱ्याचं भिंग सुरू करताना नळीसारखं पुढे येतं, बंद करताना आत जातं. नळी पुढे सरकताना बाहेरची हवा आत ओढली जाते आणि हवेबरोबर कणही. भिंग बदलता येणाऱ्या कॅमेऱ्याचा सेन्सर उघडून पुसता येतो. इथे ते भिंग कॅमेऱ्यालाच जोडलेलं असतं, त्यामुळे सेन्सरवर बसलेला कण काढायला पूर्ण कॅमेरा खोलावा लागतो. म्हणून बाजारात शिरण्याआधी कॅमेरा सुरू करावा आणि काम संपेपर्यंत सारखा उघडबंद करू नये. सर्रकन पुढे येणारी नळी एकदा वाळूने अडली की दुरुस्तीचा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीशी स्पर्धा करतो.

दुसरी गोष्ट उन्हाची. भर दुपारी लिलावाच्या रांगेत उभं राहून मागच्या पडद्यावर काही दिसत नाही, माणूस अंदाजाने बटण दाबतो. डोळा लावून बघायची खिडकी, म्हणजे व्ह्यूफाइंडर, असलेला कॅमेरा इथे फार उपयोगी पडतो. सोनीने २०१२ साली आरएक्स१०० हा १ इंची सेन्सरचा खिशातला कॅमेरा काढला तेव्हा त्यात ही खिडकी नव्हती. २०१४ च्या तिसऱ्या आवृत्तीत दाबलं की वर येणारी खिडकी आली, आणि भिंगही झूमच्या लांब टोकाला एफ/४.९ ऐवजी एफ/२.८ पर्यंत उघडू लागलं. जुना कॅमेरा घेणाऱ्याने हे दोन्ही बदल लक्षात ठेवावेत, कारण नावात फक्त एका आकड्याचा फरक असतो.

जुना घेण्यात काहीच कमीपणा नाही. नवे १ इंची कॅमेरे अर्ध्या लाखाच्या पुढे जातात, आणि दहा वर्षांपूर्वीच्या सेन्सरवर पडणारा प्रकाश आजच्याइतकाच असतो. घेताना भिंगाचं तोंड जास्तीत जास्त बारीक करून, एफ/८ किंवा एफ/११ वर, स्वच्छ आकाशाचा फोटो काढावा आणि तो मोठा करून पाहावा. काळसर गोल डाग दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. मग भिंगात टॉर्चचा उजेड टाकून आत जाळ्यासारखी बुरशी आहे का ते बघावं. पावसाळ्यात बंद कपाटात पडून राहिलेल्या कॅमेऱ्यांना ती हमखास धरते.

छोट्या कॅमेऱ्याचा जन्मच मुळी वजनाच्या तक्रारीतून झाला आहे. जर्मनीतल्या लाइत्स कारखान्यातला ऑस्कर बार्नाक दम्याचा रुग्ण होता. काचेच्या प्लेटांचा जड कॅमेरा घेऊन डोंगर चढणं त्याला झेपेना. त्याने सिनेमाची फिल्म आडवी वापरून खिशात बसणारा कॅमेरा बनवला. तो १९२५ साली लायका या नावाने बाजारात आला. नेहमी बरोबर राहतो तो कॅमेरा, ही कसोटी तेव्हापासूनची.

कॅमेरा हातात आला की लासलगावकरांनी एक काम जरूर करावं. याच जिल्ह्यात त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला आणि ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी एक छोटी फिल्म केली. कुंडीतल्या वाटाण्याची रोज थोडी थोडी चित्रं घेत त्यांनी अंकुर वाढताना दाखवला. वाटाण्याऐवजी आपल्याकडे कांदा आहे. चाळीत साठवलेल्या उन्हाळ कांद्याला पावसाळा सरता सरता कोंब फुटू लागतात. लासलगावातच भाभा अणुसंशोधन केंद्राचं ‘कृषक’ हे विकिरण केंद्र २००२ पासून आहे. तिथे कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांची अल्प मात्रा देऊन कांद्याचं कोंब फुटणं थांबवतात. विकिरण केलेला एक आणि न केलेला एक असे दोन कांदे शेजारी ठेवून दर अर्ध्या तासाला एक फोटो घेतला तर महिन्याला १४४० चौकटी होतात आणि सेकंदाला २५ चौकटींनी जवळजवळ मिनिटभराची फिल्म तयार होते.

त्यासाठी कॅमेऱ्यात ठरावीक अंतराने आपोआप फोटो घ्यायची सोय हवी. खरेदी करतानाच ती पाहून घ्यावी. केबल लावून चालू असतानाही चार्ज होतो का, हेही विचारावं. खिडकी बंद करून एकच एलईडी दिवा लावावा. शटर, आयएसओ, फोकस आणि रंगाचा तोल हे चारही हाताने ठरवून कायम ठेवावेत, नाहीतर दर चौकटीला उजेड बदलतो आणि फिल्म लुकलुकते. लाल कांद्याचा फोटो मापापेक्षा किंचित अंधारा घ्यावा, कारण तेजाळलेल्या सालीवर लाल रंगाचे पिक्सेल सर्वांत आधी भरून वाहतात आणि सालीवरच्या रेषा पुसल्या जातात. रॉ स्वरूपात फोटो साठवला तर प्रत्येक पिक्सेलला २५६ ऐवजी किमान ४०९६ पायऱ्या मिळतात, त्यामुळे नंतर उजळ करताना त्या रेषा टिकतात. दोन्ही कांदे एकाच दिवशी काढणी झालेल्या एकाच शेतातले घ्यावेत, आणि मांडणी ऑगस्टच्या सुरुवातीलाच करून ठेवावी.