नौकेवरचा चांदवा : कापड कोणते निवडावे?

मोनॅकोच्या यॉट क्लबकडे ‘तुईगा’ नावाची शिडाची नौका आहे. विल्यम फाइफ यांनी आराखडा केलेली ही नौका १९०९ साली बांधली गेली. भूमध्य समुद्राकाठच्या बंदरांत अशा जुन्या नौका आजही पाहायला मिळतात. नौका बंदरात उभी असली, की शिडाच्या आडव्या दांड्यावरून दोन्ही बाजूंना कापडी चांदवा ताणतात. त्यामुळे माणसांना सावली मिळते आणि खालचे लाकूडही वाचते.

अशा डेकच्या फळ्या बहुधा सागवानी असतात. उन्हाने त्यांतील ओलावा उडून जातो आणि फळ्या रुंदीत आकसतात. मग सांध्यांतील लुकण सुटते, फट पडते आणि पावसाचे पाणी आत झिरपते. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला हे गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा अधिक मानवते. तेव्हा चांदव्याच्या कापडाने ऊन अडवावे, पाऊस अडवावा, पण खालची दमट हवा कोंडू नये. या तिन्ही अपेक्षा एकदम पुऱ्या करणे सोपे नाही.

पूर्वी सुती कॅनव्हास वापरत. सुताचे तंतू पाणी शोषून फुगतात आणि विणीतील बारीक भोके बुजतात. कापड वाळले, की ती पुन्हा मोकळी होतात. गुण मोठा, पण भिजलेले कापड आटते, म्हणून पावसात दोऱ्या सैल कराव्या लागतात. ओले घडी करून ठेवले, तर बुरशी धरते. प्लॅस्टिकचा लेप दिलेले कापड पाणी पूर्ण अडवते, परंतु वाफही अडवते. तिचे थेंब कापडाच्या खालच्या बाजूला जमतात आणि डेकवरच गळतात. नायलॉन हलके व बळकट असते. मात्र ते ताणले जाते आणि उन्हात लवकर जीर्ण होते.

असे का व्हावे? सूर्याच्या अतिनील किरणांत रेणूंमधील बंध तोडण्याइतकी ऊर्जा असते. पण रेणूने किरण शोषला, तरच ही ऊर्जा कामी येते. आपल्यापर्यंत पोचणारे अतिनील किरण अॅक्रिलिकचा रेणू फारच थोडे शोषतो. त्यामुळे हे तंतू उन्हात दीर्घकाळ टिकतात. शिवाय चांदव्याच्या अॅक्रिलिकमध्ये तंतू काढण्यापूर्वीच, द्रवातच रंग मिसळलेला असतो. भिंतीचा रंग खरवडला तर जातो. विटेचा रंग तिच्या मातीतच असतो, तसेच हे. १९६१ साली ‘सनब्रेला’ या नावाने असे कापड अमेरिकेत बाजारात आले. नौकांसाठीच्या प्रचलित प्रकाराचे वजन चौरस मीटरला सुमारे ३०० ग्रॅम भरते.

दोष यातही आहेत. अॅक्रिलिक घर्षणाने लवकर झिजते, म्हणून दोरी वा दांडा घासतो तेथे चामड्याचे ठिगळ लावावे. शिवणीचा पॉलिएस्टर दोरा पुष्कळदा कापडाच्या आधी उन्हाने कुजतो. टेफ्लॉनच्या जातीचा दोरा महाग, पण टिकाऊ. रंगाचेही तसेच. पांढरे कापड ऊन परावर्तित करते, पण बराच प्रकाश आरपार जाऊ देते. गडद कापड प्रकाश अडवते; मात्र स्वतः तापून खाली उष्णता सोडते. आम्ही निवड करायची झाल्यास साय-रंगाचे अॅक्रिलिक घेऊ आणि खालून वारा खेळेल इतक्या उंचीवर ते ताणू.

यातील बराच भाग वर्गात करून पाहता येईल. मांजरपाट, नायलॉन आणि रेक्झिन यांचे तुकडे कोमट पाण्याच्या तीन पेल्यांवर ताणून बांधा. दहा मिनिटांनी त्यांच्या खालच्या बाजू पाहा. नंतर पांढऱ्या व काळ्या कापडाखाली, कापडाला न टेकतील असे, दोन तापमापक उन्हात ठेवा आणि मुलांना नोंदी करू द्या. शेवटी त्यांना विचारा : शाळेच्या अंगणावर चांदवा घालायचा, तर कोणते कापड घ्याल? कशाचे रक्षण करायचे आणि कशापासून, हे ठरल्याशिवाय उत्तर देता येत नाही, हे त्यांच्या आपोआप ध्यानात येईल.