अफवेचा वेग कोण ठरवतं?

‘चाकूने भाजीही चिरता येते आणि गळाही, दोष चाकूचा नसतो.’ तंत्रज्ञान आणि हिंसा यांचा विषय निघाला की आपल्याकडे हे वाक्य हमखास ऐकू येतं. त्याच्या पाठोपाठ आणखी तीन मतं येतात : ‘लोकच अडाणी’, ‘सगळं त्या परदेशी कंपन्यांनी केलं’ आणि ‘सरकारने हे बंदच करून टाकावं’. एसटीत, पारावर, लग्नाच्या पंगतीत ऐकू येणारी ही मतं अगदीच खोटी नाहीत. प्रत्येकात थोडं तथ्य आहे. पण ती एका खऱ्या घटनेवर घासून पाहिली की कुठे तोकडी पडतात ते कळतं. ती घटना आपल्याच राज्यातली आहे.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडे बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजातली पाच माणसं तिथे आली होती. बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातली; भिक्षा मागत गावोगाव फिरणारी. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असे संदेश त्या भागात आधीपासून व्हॉट्सअॅपवर फिरत होते. या लोकांवर संशय घेतला गेला, जमाव जमला, त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं गेलं आणि ठेचून मारण्यात आलं. मारहाणीचं चित्रण झालं आणि तेही पुढे पाठवलं गेलं.

त्या वर्षी अशा अफवांतून देशभर माणसं मारली गेली. जूनच्या अखेरीस त्रिपुरात तर ‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ हे लाउडस्पीकरवरून सांगण्यासाठी सरकारने नेमलेल्या माणसालाच जमावाने ठार केलं.

‘लोकच अडाणी’ या मतापासून सुरुवात करू. अफवा आणि जमाव हे मोबाइलच्या कितीतरी आधीचे आहेत. प्लेगच्या काळात, ऑक्टोबर १८९६मध्ये, मुंबईच्या आर्थर रोड इस्पितळावर गिरणी कामगारांचा जमाव चालून गेला होता. इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही, अशी तेव्हाची अफवा होती. २१ सप्टेंबर १९९५ला गणपती दूध पितो ही बातमी एका दिवसात देशभर पोहोचली, तीही साध्या टेलिफोनवरून. त्या दिवशी देवळांपुढे रांगा लावणाऱ्यांत शिकलेले, शहरी लोक भरपूर होते. तेव्हा अडाणीपणाने सगळं उलगडत नाही. राईनपाड्यात आणखी एक जुनी गोष्ट होती : भटक्या माणसाकडे चोर म्हणून पाहण्याची नजर. इंग्रजांनी १८७१च्या कायद्याने कित्येक जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारायला सुरुवात केली. तो कायदा १९५२मध्ये गेला. भटक्यांवर रोखलेली नजर मात्र गेली नाही. अफवा कुणावर जाऊन आदळणार, हे या नजरेने ठरवलं.

मग फोनने काय केलं? इथे चाकूच्या दाखल्याकडे वळू. चाकू विकला गेला की कारखानदाराचा त्याच्याशी संबंध संपतो. व्हॉट्सअॅपचं तसं नाही. २००९मध्ये निघालेलं हे अॅप २०१४मध्ये फेसबुकने १९ अब्ज डॉलर मोजून घ्यायचं ठरवलं. तेव्हापासून त्याची धार किती ठेवायची हे मालक रोजच्या रोज ठरवतो आणि एका रात्रीत बदलूही शकतो. २०१८च्या जुलैपर्यंत एक संदेश एका वेळी अडीचशेवर ठिकाणी पुढे पाठवता येत असे. राईनपाड्यानंतर केंद्र सरकारने कंपनीला खरमरीत पत्रं लिहिली. कंपनीने वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या, पुढे ढकललेल्या संदेशावर तशी खूण आणली आणि त्याच महिन्यात पुढे पाठवण्याची मर्यादा भारतापुरती पाचवर आणली. इतर देशांत ती वीस होती. चित्र आणि ध्वनिचित्रफितीशेजारचं झटपट पुढे ढकलण्याचं बटणही भारतात काढून टाकलं. जानेवारी २०१९मध्ये पाचाची मर्यादा जगभर लागू झाली. एप्रिल २०२०मध्ये, करोनाच्या अफवा उसळल्यावर, पाच किंवा अधिक हातांतून आलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं ठरलं. असे संदेश त्यामुळे ७० टक्क्यांनी घटले, असं कंपनीनेच जाहीर केलं.

ही घट महत्त्वाची आहे. २०१६पासून व्हॉट्सअॅपवरचा मजकूर कुलूपबंद असतो. पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणाला, कंपनीलाही, तो वाचता येत नाही. ‘आम्हाला दिसतच नाही, तर आम्ही काय करणार’ ही सबब त्यामुळे पटण्याजोगी वाटे. पण पाठवण्याची मर्यादा मजकूर न वाचताच घालता आली. किती वेळा पुढे गेला याची मोजणी संदेशासोबतच प्रवास करते. त्यात काय लिहिलंय हे कळण्याची गरज पडत नाही. म्हणजे अफवेचा वेग कमी करण्याची कळ कंपनीच्या हाती पहिल्यापासून होती.

तीच कळ उलटीही फिरते. २०१८मध्ये एका गटात २५६ माणसं मावत. पाच गटांत पाठवलेला संदेश फार तर १,२८० जणांकडे जाई. २०२२मध्ये गटाची मर्यादा आधी ५१२, मग १,०२४ झाली. त्याच पाच गटांचा गुणाकार आता ५,१२० होतो. पुढे पाठवण्याचा आकडा तोच धरला, तर पोहोच चौपट होते. ही वाढ मागायला कुठलाही गाव गेला नव्हता. धंद्याला ती हवी होती आणि घराघरांपर्यंत गटांचं जाळं विणलेल्या राजकीय पक्षांनाही ती गैरसोयीची नव्हती.

‘सगळं कंपन्यांनी केलं’ हे मत इथे जवळपास खरं वाटू लागतं. पण त्याच १ जुलैची रात्र पाहा. मालेगावात हीच अफवा, हेच अॅप आणि तसाच जमाव होता. भिक्षा मागून जगणारं एक कुटुंब जमावाच्या तावडीत सापडलं, सोबत लहान मूल. तिथल्या काही लोकांनी त्यांना घरात घेतलं, पोलीस आले आणि ते वाचले. वेग कंपनीने दिला, पण शेवटचं अंतर माणसांनीच कापलं किंवा अडवलं. कंपनीला जबाबदार धरताना मारणाऱ्यांची सुटका होता कामा नये.

राहता राहिलं सरकार. १७ जुलै २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळीच्या प्रकरणात राज्यांना बजावलं : प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी नेमा, जलदगती न्यायालयं चालवा, भरपाईची योजना करा, आणि संसदेने वेगळा कायदा करावा असंही सुचवलं. भारतीय न्याय संहितेत पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात, समुदाय, भाषा, जन्मस्थान अशा कारणांवरून केलेल्या खुनाचं स्वतंत्र कलम आलं. ती लागू झाली १ जुलै २०२४ला, राईनपाड्याला बरोबर सहा वर्षं झाली त्या दिवशी. पण त्या यादीत मुलं पळवल्याचा संशय हे कारण नाव घेऊन आलेलं नाही.

कंपनीकडे मात्र सरकारने वेगळंच मागितलं. फेब्रुवारी २०२१च्या नियमांनी संदेशाचा पहिला पाठवणारा शोधून देण्याचं बंधन घातलं. कंपनी त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेली. आता २०१८मध्ये खूप फिरलेली एक चित्रफीत घ्या. दुचाकीवरून येऊन मूल उचलणारे दोघं त्यात दिसत. मुळात ती कराचीतल्या एका संस्थेने बालसुरक्षेसाठी केलेली जाहिरात होती. मूल परत आणून सोडल्याचा शेवट कुणीतरी कापला होता. मूळ परदेशात असेल, तर भारतात पहिल्यांदा पाठवणारा धरा, असं नियम सांगतो. पण तो एखादा घाबरलेला बापही असू शकतो. त्याला शोधायचं तर प्रत्येकाच्या खाजगी बोलण्याचा माग ठेवावा लागेल आणि ही सोय फक्त अफवांपुरती वापरली जाईल याची हमी कोण देणार?

माणसाचा माग काढण्यापेक्षा वेगावर लगाम हवा. गटाचा आकार आणि पुढे पाठवण्याची मर्यादा वाढवण्याआधी कंपनीने कुणाला तरी जाब द्यावा, ही मागणी अवाजवी नाही. ब्राझीलमध्ये २०२२च्या निवडणुकीआधी तिथल्या निवडणूक न्यायालयाशी झालेल्या बोलण्यानंतर, अनेक गट एकत्र जोडणारी नवी सोय मतदान संपेपर्यंत आणणार नाही, असं व्हॉट्सअॅपने मान्य केलं होतं.

पाच हा आकडा जुलै २०१८मध्ये कुणी नव्याने शोधून काढला नाही. तो जूनमध्येही घालता आला असता. तो कधी घालायचा आणि कधी काढायचा, हे आजही एका कंपनीच्या मर्जीवर आहे.