पालिकेचा पैसा कुठल्या बँकेत?

मुंबई पालिकेच्या टी विभाग कार्यालयात मालमत्ता कर भरणाऱ्या मुलुंडकराने ‘हा पैसा तुम्ही ठेवता कुठे?’ असं विचारलं तर त्यात आगाऊपणा काही नाही. सप्टेंबर 2019 मध्ये, शेजारच्या भांडुपात मुख्यालय असलेल्या पीएमसी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले तेव्हा खातेदाराला आधी काढता येत होते फक्त 1,000 रुपये. पेन्शनीची पुंजी तिथे ठेवलेले आजी-आजोबा बँकेच्या दाराशी ताटकळताना इथल्या लोकांनी पाहिले आहेत.

त्यातूनच एक समज रुजला: अडकतो तो आपला पैसा, सरकारी पैसा नाही. तसं नाही. 5 मार्च 2020 ला खासगी येस बँकेवर निर्बंध आले आणि पिंपरी-चिंचवड महापालिकेचे सुमारे 984 कोटी, नाशिक महापालिकेचे 310 कोटी तिथे अडकले, तेही आर्थिक वर्ष संपत आलेलं असताना. निर्बंध 18 मार्चला उठले, पैसा बुडाला नाही. पण तोवर राज्य सरकारने आपल्या खात्यांना आणि महामंडळांना राष्ट्रीयीकृत बँकांत जायला सांगितलं होतं. खासगी बँकांतल्या ठेवी असुरक्षित मानणं चूक, असं रिझर्व्ह बँकेने राज्यांना कळवलं. माझं मत राज्याच्या बाजूने: पाव-अर्धा टक्का जास्त व्याजासाठी लोकांच्या पैशाने जोखीम घेऊ नये.

‘विमा असतोच ना?’ असतो, फेब्रुवारी 2020 पासून 5 लाखांपर्यंत, तोही एका बँकेतल्या एका ठेवीदाराच्या सगळ्या खात्यांना मिळून. कोट्यवधींच्या ठेवीपुढे तो किस झाड की पत्ती! केंद्र आणि राज्य सरकारांच्या ठेवी तर त्यातून वगळलेल्याच आहेत.

मुंबई पालिकेच्या ठेवी 2022 मध्ये 90 हजार कोटींवर गेल्या, तेव्हा ‘एवढा पैसा नुसता पडून’ अशी ओरड झाली. त्यातला मोठा हिस्सा कर्मचाऱ्यांचा भविष्यनिर्वाह निधी, निवृत्तिवेतन आणि ठेकेदारांच्या अनामत रकमांचा असतो. तो रस्त्यांवर उधळता येत नाही. उरलेल्यावर मात्र जरूर भांडावं.

राहिला प्रश्न: सरकारी पैसा कुठे ठेवायचा यावर लोकांना मतदान करता येतं का? अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटाने 1919 मध्ये सरकारी पैशासाठी स्वतःची बँक काढली. 1921 मध्ये तिथल्या मतदारांनी गव्हर्नरला घरी बसवलं, पण त्याच मतदानात बँक गुंडाळण्याचा प्रस्तावही फेटाळला. आपल्याकडे असं मतदान होत नाही. बँक ठरते कायद्याच्या चौकटीत, सरकारी आदेशाने आणि पालिकेच्या लेखा विभागाच्या फायलीत.