केबल टाकतानाची इजा दिसत नाही, कारखाना मात्र थांबतो

कारखान्यातील एखादे यंत्र अचानक थांबते. तंत्रज्ञ ते पुन्हा सुरू करतात. काही तासांनी ते पुन्हा बंद पडते. अशा वेळी संशय प्रथम यंत्रावर किंवा सॉफ्टवेअरवर घेतला जातो. दोष मात्र कित्येकदा काही महिन्यांपूर्वी टाकलेल्या नेटवर्क केबलमध्ये असतो. केबल टाकताना तिच्यावर आलेला जादा ताण, दाब किंवा बसलेली मुरड वरून दिसत नाही आणि सुरुवातीला केबल व्यवस्थित चालतेही.

औद्योगिक इथरनेट केबलमध्ये तांब्याच्या तारांच्या दोन किंवा चार पिळदार जोड्या असतात. या पिळामुळे शेजारच्या जोडीतील संकेतांचा आणि मोटारींसारख्या उपकरणांतून येणाऱ्या विद्युत व्यत्ययाचा परिणाम कमी होतो. केबल जोराने ओढल्यास पीळ बिघडतो आणि माहिती अधूनमधून गहाळ होऊ लागते. कार्यालयातील संगणक गहाळ माहिती पुन्हा मागवू शकतो. रोबोला मात्र ती काही मिलिसेकंदांतच मिळावी लागते.

याच जाळ्यातून सुरक्षा यंत्रणेचे संदेश जात असतील, तर संपर्क तुटताच यंत्र आपोआप थांबते. कामगारांच्या सुरक्षेसाठी ते आवश्यकच असते. परंतु यंत्र विनाकारण वारंवार थांबू लागले की सुरक्षा यंत्रणाच वगळून काम चालवण्याचा मोह होतो आणि खरा धोका तेथे निर्माण होतो.

त्यामुळे काही मर्यादा पाळणे अत्यावश्यक ठरते. चार जोड्यांच्या सर्वसाधारण तांब्याच्या केबलसाठी ओढण्याचा ताण ११० न्यूटन, म्हणजे सुमारे ११ किलो वजनाइतका, कमाल मानला जातो. वळणाची त्रिज्या केबलच्या बाह्य व्यासाच्या किमान चारपट असावी. ऑप्टिकल फायबर केबलसाठी ती सामान्यतः ओढताना २० पट आणि बसवल्यानंतर १० पट ठेवली जाते. मात्र प्रत्येक केबलसाठी उत्पादकाने दिलेली मर्यादाच अंतिम मानावी.

केबल ड्रम फिरवून सोडावी. स्थिर वेटोळ्यातून खेचल्यास तिला पीळ बसून गाठी पडतात. ट्रेच्या धारदार कडांवर आणि पाइपच्या तोंडाशी संरक्षक आवरण लावावे. प्लास्टिकचे टाय आवरण दबेल इतके आवळू नयेत. टाकलेल्या केबलवर पाय देणे, शिडी टेकवणे किंवा जड वीजकेबल ठेवणे टाळावे. थंडीत प्लास्टिकचे आवरण ताठर होऊन तडकू शकते, म्हणून किमान तापमानाची अटही पाहावी. औद्योगिक परिसरातील नेटवर्क उभारणीसाठी ‘आयईसी ६१९१८’ हे आंतरराष्ट्रीय मानक उपलब्ध आहे.

ट्रे झाकण्यापूर्वी किंवा चर बुजवण्यापूर्वी चाचणी घेणे सर्वांत महत्त्वाचे. तारा जोडल्या गेल्या आहेत एवढेच तपासणे पुरेसे नसते. संकेतांचे परावर्तन आणि जोड्यांमधील परस्पर व्यत्ययही मोजावा लागतो. या मोजमापांची नोंद जपून ठेवल्यास पुढे बिघाड झाल्यावर त्याचे मूळ शोधणे सोपे जाते. सदोष केबल त्याच दिवशी बदलणे तुलनेने सोपे असते. उत्पादन सुरू झाल्यावर त्याच कामासाठी यंत्रे थांबवावी लागतात.